आधार दाखवून मत देता येतं? नाही, काका

काल घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला, आणि टाकला कुणी, तर थोरल्या काकांनी. 'यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा, कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले तर फेरमतदान होतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा.' २०१९ च्या लोकसभेलाही हाच मेसेज फिरत होता.

पहिलंच वाक्य सगळ्यात घातक. यादीत नाव नाही तर मत नाही; लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ६२ तसं सरळ सांगतं. आधारवरून तुम्ही कोण ते कळतं, तुम्ही तिथले मतदार आहात का ते नाही. आणि ४९ए? निवडणूक संचालन नियम, १९६१ उघडून बघा. तो नियम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे! 'चॅलेंज' आहे ४९जे मध्ये, आणि तो मतदारानं मागायचा नसतोच. समोरचा माणूस तोतया आहे असं वाटलं तर उमेदवाराच्या पोलिंग एजंटनं २ रुपये भरून आक्षेप घ्यायचा, मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात. तुम्हाला अडवण्यासाठी असलेला नियम तुमचा हक्क म्हणून वाटला जातोय.

माझा राग जुना आहे. २०२४ च्या लोकसभेआधी मी आत्याला विचारलं होतं, "यादीत नाव बघितलंस का?" ती म्हणाली, "आधार आहे ना, मेसेज आलाय." घर बदलल्यावर तिचं नाव वगळलं गेलं होतं. १३ मे ला पुण्यातल्या उन्हात ती रांगेत उभी राहिली आणि मत न देता परतली. हा मेसेज नसता तर तिनं नाव वेळेत तपासलं असतं.

टेंडर व्होट खरं आहे, एवढं मान्य. नियम ४९पी. तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं असेल तर ओळख पटवून तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. ती यंत्रात न जाता वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी एका मतानं हरले, तेव्हा अशा मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्यासाठीही नाव यादीत लागतंच.

१४ टक्क्यांची अट कुठल्याच नियमात नाही.

काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून टाकला." काका, तो काढा आणि त्याजागी एवढंच टाका: १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून यादीतलं नाव आजच तपासा. नसेल तर नावनोंदणीचा फॉर्म ६ भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं नाव घालता येत नाही.