‘पाच व्होल्टने काय होतंय?’ बरंच काही होतं

मायक्रोकंट्रोलर बोर्डांबद्दल (छोट्या कॉम्प्युटरसारखी प्रोग्राम करता येणारी चिप असलेले सर्किट बोर्ड) सध्या एक सल्ला फार फिरतोय: ‘मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणजे खेळणंच. सगळा पाच व्होल्टचा मामला, कशाला घाबरता? यूएसबी लावा आणि भिडा. चुकलंच तर बोर्डवरचा फ्यूज सांभाळून घेईल. स्टॅटिकचा (अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेचा) बाऊ नको, डेटाशीट (चिपचं तांत्रिक माहितीपत्रक) नंतर वाचता येते.’ नवख्यांची भीती घालवायचा हेतू चांगलाच आहे. पण यातल्या प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे, आणि माणूस फसतो तो तेवढ्यामुळेच.

‘पाच व्होल्टने काय होतंय?’ तुम्हाला काहीच होत नाही. कोरड्या हाताला साध्या मुंग्याही येत नाहीत. होतं ते चिपला. रास्पबेरी पाय पिको या बोर्डाच्या पिना (वायर जोडायच्या जागा) ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालून उत्तरही ५ व्होल्टमध्येच देतो. मी स्वतः हा सेन्सर एका ३.३ व्होल्टच्या बोर्डाला थेट जोडला होता. गंमत म्हणजे तो चालला! दोन दिवस व्यवस्थित आकडे आले. मग ती पिन कायमची ‘हाय’ (म्हणजे सतत ‘चालू’ दाखवणारी) होऊन बसली आणि मी दोन संध्याकाळी कोडमधली चूक शोधत बसलो. धूर नाही, वास नाही, बाकीच्या पिना ठणठणीत. उपाय होता दोन रेझिस्टरचा: सेन्सरच्या इको पिनेपासून (उत्तर देणारी पिन) बोर्डाच्या पिनेपर्यंत १ किलोओहम, तिथून ग्राउंडला २ किलोओहम. पाचाचे सव्वातीनच्या आसपास होतात, झालं.

‘फ्यूज सांभाळून घेईल.’ हा गैरसमज सगळ्यात चिवट. आर्डुइनो ऊनो या बोर्डावर यूएसबीच्या वाटेत आपोआप पूर्ववत होणारा ५०० मिलीअँपचा फ्यूज आहे, हे खरं. पण तो आहे तुमच्या कॉम्प्युटरच्या पोर्टसाठी. त्यावरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० मिलीअँप, आणि तीही ‘याच्या पलीकडे गेलात तर चिप खराब होईल’ या अर्थाची. रोजच्या वापरात २० च्या आतच राहावं. म्हणजे फ्यूजला जाग येण्याआधीच पिनेचा निकाल लागलेला असतो. शिवाय हा फ्यूज तापून काम करतो, त्यामुळे त्याला वेळ लागतो. बाहेरून ५ व्होल्टच्या पिनेवर सप्लाय दिलात तर तो वाटेतच येत नाही. उलट जोडणीपासून वाचवणारा डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) अडॅप्टरच्या गोल जॅकच्या वाटेवर आहे. बाहेरून सप्लाय घेणाऱ्या व्हीआयएन पिनेवर प्लस-मायनस उलटं झालं तर तो मदतीला येत नाही.

म्हणून एलईडीला करंट मर्यादित ठेवणारा रेझिस्टर हवाच. २२० ओहमचा लावला तर लाल एलईडीतून साधारण १४ मिलीअँप जातात. आणि मोटर पिनेला थेट कधीच लावू नये. ती सुरू होताना काही शे मिलीअँप ओढू शकते, आणि बंद होताना तिची कॉइल उलट व्होल्टेजचा झटका देते. मधे ट्रान्झिस्टर (पिनेच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड.

स्टॅटिकबद्दल मी अर्धा सहमत आहे. घरी प्रत्येकाने मनगटाला पट्टा बांधून बसायची गरज नाही. पण ठिणगी साधारण ३००० व्होल्टच्या पुढे गेली तरच माणसाला जाणवते, आणि बऱ्याच चिपांची चाचणी २००० व्होल्टपर्यंतच होते. म्हणजे तुम्हाला काही कळण्याआधीच चिपला कळलेलं असतं. बोर्ड कडेला धरा, हात लावण्याआधी अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करा. आणि बोर्ड ज्या चंदेरी पिशवीतून आला तिच्यावरच ठेवून चालू करू नका: ती पिशवी थोडीफार वाहक असते.

डेटाशीट पूर्ण कोणीच वाचत नाही, मीही नाही. चार गोष्टी तेवढ्या पाहतो: पिनेचं व्होल्टेज, पिनेचा करंट, सप्लाय कुठून आणि किती द्यायचा, आणि जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) कुठे आहेत. न्यूक्लिओसारख्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर सप्लाय कुठून घ्यायचा हे जंपरच ठरवतो. मग वायरिंग झालं की वीज देण्याआधी मल्टिमीटर बीपवर (जोडणी असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून सप्लाय आणि ग्राउंड तपासायचं. सलग बीप वाजत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

आणि ‘खेळणंच’ हा शब्द जिथे जिवावर बेततो ती जागा या सल्ल्यात येतच नाही. अनेक स्वस्त स्मार्ट प्लगमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो; आतल्या बोर्डाचं ‘ग्राउंड’ थेट मेन्सला (घरातल्या भिंतीतल्या विजेला) जोडलेलं असतं. असा प्लग भिंतीत असताना त्याला प्रोग्रामिंगची वायर लावली, तर मेन्स तुमच्या लॅपटॉपच्या धातूपर्यंत येते. इथे ते तीन-पाच व्होल्ट फक्त चिपच्या दोन पिनांमधले असतात. तुमच्या आणि जमिनीच्या मधे पूर्ण मेन्स असते. असा बोर्ड प्रोग्राम करायचा तर आधी भिंतीतून काढायचा, मग वायर लावायची. काम झालं की वायर काढून, झाकण बंद करून, मगच भिंतीत. दोन्ही एकत्र एक सेकंदही नाही.