म्हशीच्या दुधातला मोका

सांगलीत घरी मोका, म्हणजे चॉकलेट घातलेली दूध-कॉफी, करायचा तर कॉफी मिळते, दूध घरपोच येतं. घोडं अडतं ते चॉकलेटपाशी. गणपती पेठेत केकच्या सामानाच्या दुकानात विचारून बघा. डार्क कंपाउंडची अर्ध्या किलोची वीट समोर येते आणि वर ग्वाही, "ह्येच न्या वो, सगळी ह्येच नेत्यात." नेतात हे खरं, पण केकवर ओतायला.

कंपाउंडमध्ये कोको बटरच्या, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धाच्या, जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असतं. टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना वितळवून-निववून घेण्याची, भानगड न करता ते केकवर घट्ट बसतं, हा त्याचा गुण. कॉफीत मात्र वर तेल तरंगतं आणि टाळूला मेणचट थर धरतो. तवंग मिसळीला शोभतो, मोक्याला नाही.

म्हणून पाकीट आधी उलटं करून वाचावं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. कोको बटर दिसलं पाहिजे, व्हेजिटेबल फॅट दिसता कामा नये. चष्मा घरी राहिला असेल तर आपला उन्हाळा आहेच. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. पारा चाळिशीला टेकलेला असताना जे चॉकलेट गणपती पेठेतून विश्रामबागेपर्यंत ताठ मानेनं येतं, त्याच्या कुळाची चौकशी करावी.

ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यावर बहुधा पहिलाच घटक साखर. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून चॉकलेटच्या भावानं साखर विकत आणायची म्हणजे कमाल झाली. मिल्क चॉकलेटची तीच गत. त्यातला कोको इतका थोडा की कॉफी त्याला गिळून टाकते. आणि चॉकलेट चिप्स बनवलेले असतात ते ओव्हनमध्येही आकार टिकावा म्हणून. ते कपातही इमानानं टिकवतात.

आता मुद्द्याचं. परदेशी कृती वाचून लोक कुव्हर्चर नावाचं महागडं चॉकलेट मागवतात. त्यात किमान ३१ टक्के कोको बटर असतं, आणि त्या कृती गाईच्या दुधाच्या हिशोबानं लिहिलेल्या असतात. आपल्याकडे येतं म्हशीचं, सहा-सात टक्के फॅटचं. स्निग्धपणा दुधानंच भरपूर आणलेला असताना त्यात आणखी बटर ओतलं की कप जड होतो आणि कॉफी कुठं गेली ते कळत नाही. म्हशीच्या दुधाला चॉकलेटनं फक्त कोको पुरवावा. माझं मत सरळ कोको पावडरला.

तीही दोन जातींची. साधी पावडर फिकट आणि आंबटसर. दुसरी अल्कलाइज्ड ऊर्फ डच प्रोसेस, गडद आणि सौम्य. कोकोतलं बटर दाबून काढायचं पेटंट हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांचं, १८२८ चं. अल्कली वापरून आंबटपणा मारायची युक्तीही त्याच घरातली. मोक्याला ही दुसरीच घ्यावी. साधीचा आंबटपणा, वर कॉफीचा आंबटपणा आणि मे महिन्यात सकाळपासून ओट्यावर राहिलेलं दूध असे तिघे एकत्र आले की दूध फाटतं. मग पनीरच्या भाजीचा विचार करावा.

एका कपाला तीन सपाट छोटे चमचे कोको, दोन चमचे साखर, किंचित मीठ. कोको पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो. थेट दुधात टाकलात तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी कपभर फिरत राहतात. म्हणून आधी साखरेत कोरडाच मिसळा, दोन मोठे चमचे गरम पाणी घालून चकचकीत होईपर्यंत घोटा, मग ४० मिली कडक कॉफी आणि शेवटी १२० मिली दूध. दुधावरची साय आधी काढा. घरातलं कुणीतरी "साय का काढली?" म्हणणारच, ती त्यांनाच द्या.

थंडीत जरा दाट हवासा वाटला तर ७० टक्क्यांच्या बारचे १० ग्रॅम बारीक चिरून घाला आणि कोको एक चमचा कमी करा. या ७० मध्ये कोको आणि कोको बटर दोन्ही धरलेले असतात, उरलेली बहुतेक साखरच. चिरलेल्या चॉकलेटवर सगळी गरम कॉफी एकदम ओता, अर्धा मिनिट थांबा, मग ढवळा. थेंब-थेंब ओतलंत तर चॉकलेट आक्रसून त्याचा रवाळ गोळा होतो. घाबरून ते टाकून देऊ नका, आणखी गरम कॉफी ओता, सुटतं. थोडं पाणी त्याला सोसत नाही, भरपूर चालतं.

कॉफीच्या पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळलेली भाजक्या मुळाची कडवट पूड) ३० टक्के लिहिली असेल तर ७० टक्क्यांच्या वाटेला जाऊ नका; कडूवर कडू चढतं. ५० ते ५५ पुरे.

उरलेला बार हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, आणि डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, दमट हवेनं चॉकलेटला घाम फुटतो. उन्हानं वितळून पुन्हा घट्ट झालेल्या बारवर पांढरट डाग दिसतात. ती बुरशी नव्हे, वर आलेलं कोको बटर. मोक्यात ते वितळणारच आहे, तेव्हा असा बार दुकानदार कमी भावात देत असेल तर बिनधास्त घ्या.

आणि पाहुण्यांना देताना कपात चमचा ठेवा. कोको तळाशी बसतो. न ढवळता बशीत ओतून पिणाऱ्या मंडळींच्या बशीत नुसती कॉफी येते, आणि "चॉकलेट घातलंच नाही वाटतं" हे ऐकावं लागतं.