प्रॉपगेशन होतंय सर, वाट बघा

स्वतःच्या डोमेनवर ईमेल लावायचा म्हणताय? छान. व्हिजिटिंग कार्डावर जीमेलचा पत्ता बरा दिसत नाही, असं तुम्हालाही कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. माझ्या मावसभावालाही सांगितलं होतं. त्याचा मिरजेला पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना आहे आणि आमच्या अख्ख्या खानदानात 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' मी एकटाच. गेल्या पंधरवड्यात या कामात जे ज्ञान मिळालं ते तुम्हाला फुकट देतोय, घ्या.

मुहूर्त शुक्रवार संध्याकाळचा धरा, सहानंतरचा.

डोमेन कुणाच्या नावावर आहे हे आधी अजिबात बघू नका. ते वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या नावावर असतं. ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि तो आता बेंगळुरूला नोकरीत असतो. कारखान्यात सगळे ज्याला 'ए पोऱ्या, चहा सांग' म्हणायचे, त्याला आता 'सर, ओटीपी आला का?' असं विचारायचं. तो मीटिंगमध्ये असतो. ओटीपी दहा मिनिटांत मरतो.

नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, बदलायचे की नुसते रेकॉर्ड, म्हणजे त्या नोंदी? नेमसर्व्हरच बदला. जुने रेकॉर्ड जुन्या घरीच राहतात, वेबसाइट आडवी होते आणि मग ईमेलबद्दल कुणी विचारतच नाही.

जुने एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे येणारा मेल कुठल्या सर्व्हरवर टाकायचा ते सांगणाऱ्या ओळी, काढू नका, बिचारे इतकी वर्षं राबलेत. इथला नंबर शाळेतल्या क्रमांकासारखा असतो, आकडा लहान तितका मान मोठा. जुन्या होस्टिंगचा शून्य आणि नव्याचे दहा-वीस असे ठेवलेत की येणारा प्रत्येक मेल इमानदारीत जुन्या डब्यात पडतो, आणि त्या डब्याचा पासवर्ड 2019 पासून कुणालाच आठवत नाही. जुना काढलात तरी हरकत नाही. वेबसाइटच्या सर्व्हरवर ईमेल राउटिंग 'लोकल'च, म्हणजे 'या डोमेनचे मेल इथेच ठेव' असंच, राहू द्या. मग जगभरचे मेल नव्या डब्यात येतील, फक्त तुमच्याच वेबसाइटच्या फॉर्मवर गिऱ्हाईकाने केलेली चौकशी तेवढी घरातल्या घरात जिरेल.

एसपीएफचे, म्हणजे तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतो त्या यादीचे, रेकॉर्ड दोन ठेवा, एक वेबसाइटवाल्याचा आणि एक ईमेलवाल्याचा. कुणाला वाईट वाटायला नको. डोमेनला एकच एसपीएफ चालतो, दोन दिसले की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. दोन्ही 'इन्क्लूड' एकाच ओळीत बसतात हे खरं, पण तेवढं वाचतंय कोण!

डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. तिच्या चावीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. चारशेच्या आसपास अक्षरं असतात, बघून बघून टाइप करायला मौज येते.

डीमार्कमध्ये, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या ओळीत, पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लिहा. बिलिंग सॉफ्टवेअरने पाठवलेली बिलं कुणालाच पोचली नाहीत की वसुलीची कटकट मिटली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीही अडलं की सपोर्टला फोन लावा आणि ते सांगतील तितकी वाट बघा. किती? 24 ते 48 तास. मी शनिवारी सकाळी फोन केला की डीकिम 'व्हेरिफाय' होत नाही. 'सर, प्रॉपगेशन होतंय, 24 ते 48 तास लागतात.' म्हणजे केलेला बदल जगभर पसरतोय म्हणे. रविवारी केला. 'सर, 48 तास.' म्हटलं, काल सांगितलेत ते तास कुठे गेले? 'सर, सर्व्हर जगभर असतात ना.' सोमवारी फोनवर तिसराच माणूस. त्याने तर घड्याळ पुन्हा शून्यावर नेलं. अहो, टीटीएल, म्हणजे उत्तर जवळ ठेवायची मुदत, 3600 सेकंद होता, म्हणजे एक तास! डीएनएस, ही सगळी नोंदवही, म्हणजे एसटीचं पार्सल नव्हे, की सांगलीहून निघालं आणि अमेरिकेत पोचायला दोन दिवस लागले. जो विचारतो त्याला उत्तर मिळतं, तो ते टीटीएल संपेपर्यंत जवळ ठेवतो आणि मग पुन्हा विचारतो. 'असा रेकॉर्डच नाही' हे उत्तरसुद्धा असंच काही वेळ जपून ठेवलं जातं. एवढाच तो प्रॉपगेशनचा बागुलबुवा.

सोमवारी रात्री वैतागून मी नेमसर्व्हरलाच थेट एनएसलुकअप लावला, म्हणजे रेकॉर्ड आहे का ते त्यालाच विचारलं. जिथे रेकॉर्ड हवा तिथे काहीच नाही. मी होस्टच्या, म्हणजे रेकॉर्डच्या नावाच्या, चौकटीत डोमेनसकट पूर्ण नाव लिहिलं होतं आणि पॅनेलने त्याच्या शेपटीला आपणहून डोमेन आणखी एकदा चिकटवलं होतं. भलत्याच नावावर बसलेला रेकॉर्ड 48 तासांत काय, 48 वर्षांत तरी जागेवर आला असता का? शेपूट कापली आणि दहा मिनिटांत हिरवी टिकली आली. दहा मिनिटांत!

हो, माझी चूक होती. मी नाकारत नाही. पण तीन दिवस, तीन माणसं, प्रत्येकाच्या स्क्रीनवर तो रेकॉर्ड, त्यात एकाच ओळीत आमचं डोमेन दोनदा लिहिलेलं, आणि एकालाही ते वाचावंसं वाटलं नाही? वाचायला अर्धा मिनिट लागतो. '48 तास' म्हणायला दोन सेकंद, म्हणून ते म्हणायचं! त्या तीन दिवसांत भावाने पुण्याच्या एका कंपनीला कोटेशन पाठवलं होतं. डीकिम नाही, एसपीएफ दोन म्हणून दोन्ही बाद. फेब्रुवारी 2024 पासून गूगल जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे दोन्हींपैकी एक तरी मागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. कोटेशन स्पॅममध्ये पडलं. त्यांनी चार दिवस वाट पाहिली आणि दुसरीकडून खोके घेतले.

आणि तुम्ही, होय, वाचून हसताय ते! दुकानाची किल्ली गल्लीतल्या पोराकडे ठेवून गावाला जाता का कधी? मग डोमेनची बरी ठेवता! बोर्डाच्या रंगावरून पेंटरशी तासभर भांडता आणि रेकॉर्डच्या चार ओळी म्हटलं की 'आम्हाला त्यातलं काही कळत नाही' म्हणून हात वर करता. चारच ओळी आहेत. आज रात्री लॉगिन करून बघा. लॉगिन नसेल तर त्या बेंगळुरूच्या पोराला फोन लावा, त्याने नंबर बदलायच्या आत.