सेगवे कोणी नेऊ नये म्हणून

सर्वप्रथम आपले अभिनंदन करणे अगत्याचे आहे. चोरीची भीती वाटायला आधी दुसऱ्याला हवीशी वाटेल अशी वस्तू आपल्याजवळ असावी लागते, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाच्या आडोशाला, जुन्या सोलापुरी चादरीखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सेगवेविषयी आपल्याला अजूनही तसे वाटते, ही निष्ठा सुखी संसारातही सहसा आढळत नाही. अमेरिकेतून परतताना मेहुण्याने ती आपल्याकडे 'तात्पुरती' ठेवली असेल, किंवा एखाद्या बंद पडलेल्या रिसॉर्टच्या सामानातून आपण ती हौसेने उचलली असेल. कशीही आली असली तरी तिचे रक्षण हे आता आपले कर्तव्य आहे, आणि त्या कामी चार सूचना करणे हे आमचे.

ज्यांनी सेगवे फक्त मॉलच्या गुळगुळीत फरशीवर पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. दोन चाके शेजारी-शेजारी, मधोमध उभे राहण्यापुरती जागा, समोर छातीपर्यंत येणारा दांडा. पुढे झुकले की गाडी पुढे जाते, मागे रेलले की थांबते. ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, आणि तोल आपण सांभाळायचा नसून तो आतले पाच जायरोस्कोप, म्हणजे झुकाव ओळखणारी उपकरणे, सांभाळतात. ३ डिसेंबर २००१ रोजी तिचे जनक डीन केमन यांनी अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात तिच्यावरचा पडदा दूर केला. घोडागाडीचे मोटारीने जे केले तेच ही गाडी मोटारीचे करील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि वर्षभरात आठवड्याला १०,००० गाड्या खपू लागतील असा अंदाजही बांधला गेला होता. जुलै २०२० मध्ये उत्पादन थांबले तोवर साडेअठरा वर्षांत मिळून सुमारे १,४०,००० गाड्या खपल्या होत्या. म्हणजे आपल्या पार्किंगमध्ये उभी असलेली वस्तू दुर्मीळ आहे. दुर्मीळ आणि नकोशी यांतला फरक चोराला चटकन कळतो. तो आपण मनावर घेऊ नये.

आता प्रत्यक्ष बंदोबस्ताकडे वळू. आपल्याकडे सुरुवातीच्या काळातली सेगवे असेल, तर तिच्यासोबत तीन रंगांच्या किल्ल्या येत: काळी, पिवळी आणि लाल. काळी शिकाऊ माणसासाठी, तिच्यावर गाडी ताशी जेमतेम १० किलोमीटर धावते, पिवळीवर १३, आणि लाल किल्ली लावली की पूर्ण २०. या तीन किल्ल्यांचा सुरक्षेसाठी होणारा उपयोग माहितीपुस्तिकेत दिलेला नाही, तो आम्ही सांगतो. लाल आणि पिवळी किल्ली देवघरात, निरांजनाच्या मागे ठेवून द्यावी आणि काळी किल्ली निर्धास्तपणे गाडीवरच सोडून जावे. चोर येईल, गाडी सुरू झाल्याचे पाहून हरखेल, तिच्यावर चढून पळ काढेल, आणि फाटकापाशी पोचेपर्यंत सोसायटीचा वॉचमन, ज्याने सात वर्षांत कुणाचाही पाठलाग केलेला नाही, तो हातातली तंबाखू मळत मळत त्याच्या बरोबरीने चालू लागेल. ताशी १० किलोमीटर हा सकाळी पुण्याच्या तळजाई टेकडीवर पळणाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा वेग आहे. अशा वेगाने पसार होणाऱ्या चोराशी वाटेत बोलून त्याचे मन वळवणेही शक्य आहे.

२००६ नंतरच्या मॉडेलला मात्र रंगीत किल्ल्या नाहीत. तिथे मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढे बिनतारी यंत्र असते आणि त्यातून गाडीची राखण चालू करता येते. राखण चालू असताना गाडी कोणी हलवली, तर ती पिंपिं करू लागते, थरथरते आणि चाके उलटा जोर लावतात. ही व्यवस्था जिथे रात्री शांतता असते अशा देशात तयार झाली, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे पार्किंगमधल्या निम्म्या मोटारसायकली मांजर अंगावरून गेले तरी ओरडतात, रिव्हर्स घेणारी प्रत्येक मोटार आरत्या म्हणते, आणि गणपतीच्या दिवसांत ढोलाच्या दणक्याने अख्खी रांग एका सुरात रडू लागते, या गदारोळात आपल्या सेगवेचा आवाज ऐकून कुणी बाहेर आलेच, तर ते दुसऱ्या मजल्यावरचे काका असतील आणि "कोणाची आहे ती, बंद करा आधी!" असे ओरडून ते खिडकी लावून घेतील. त्या वेळी चोराने नम्रपणे "हो काका, करतो" म्हटले, तर काका त्याला आवाज बंद कसा करायचा हेही सांगतील. तेव्हा राखण चालू ठेवावी, मात्र शेजाऱ्यांना आपला मोबाइल नंबर देऊ नये.

साखळी-कुलपाचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. अडचण अशी, की साखळी ओवायला सोयीची जागा म्हणजे समोरचा दांडा, आणि मोटारीच्या डिकीत गाडी मावावी म्हणून हा दांडाच सोडवून काढता येतो. म्हणजे आपण विजेच्या खांबाला जे बांधून ठेवतो तो दांडा असतो, आणि चोर जी नेतो ती सेगवे असते. यावर जाणकारांचा तोडगा असा, की दांडा काढून सरळ बरोबर घेऊन जावा. आम्ही तो अमलात आणून पाहिला आहे. एका बँकेत पासबुक भरून घ्यायला गेलो असताना हा इंग्रजी टी-च्या आकाराचा, दोन्ही टोकांना रबरी मुठी असलेला दांडा आमच्या खांद्यावर होता. दारातल्या सुरक्षारक्षकाने आधी त्याच्याकडे, मग आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "हे काय आहे?" आम्ही म्हणालो, "गाडी." "गाडी कुठाय?" "बाहेर." "मग हे?" "हे तिचं हँडल." तो काही क्षण विचारात पडला. "रिक्षावाले पण हँडल काढून आणत नाहीत हो," असे म्हणून त्याने दांडा छत्र्यांच्या बादलीत उभा करायला लावला, आणि पासबुक भरून होईपर्यंत तीन माणसांनी आम्हाला नळदुरुस्तीचे दर विचारले. बाहेर आलो तेव्हा सेगवे जागच्या जागी होती. तिच्यावर एका शाळकरी मुलाने दप्तर ठेवले होते आणि शेजारी उभा राहून तो वडापाव खात होता.

वजनाविषयी मात्र निर्धास्त असावे. पहिल्या पिढीतली सेगवे ३८ किलोंची, नंतरची ४७ किलोंची. एवढे ओझे उचलून नेणारा चोर हा कष्टाळू माणूस असतो, आणि कष्टाळू माणसाला आपल्या शहरात सिमेंटची पोती वाहण्याचे काम रोज मिळते. गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत नेऊन ठेवली तर ती आणखी सुरक्षित राहील; लिफ्ट बंद असताना ती वर नेण्याचा प्रयत्न केल्यास आपल्यालाच ती पुन्हा खाली आणण्याची इच्छा उरणार नाही, आणि जी गाडी मालकही हलवत नाही ती चोर काय हलवणार? या यंत्राची गंमतच अशी आहे, की चोराला अडवणारी तिची प्रत्येक सोय आधी मालकाला अडवते, आणि मालक त्या सरावातून अधिकाधिक तयार होत जातो.

तरीही समजा, कुणी ती सुरू करून निघालाच. तोल सांभाळण्याचे काम यंत्राचे असले तरी वर उभे राहण्याचे काम माणसाचे असते, आणि ते पहिल्या दिवशी जमेलच असे नाही. जून २००३ मध्ये अमेरिकेतल्या केनेबंकपोर्ट गावी खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश सेगवेवर चढताना पुढच्या पुढे गेले होते आणि त्याची छायाचित्रे जगभर झळकली. ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक मैदानी स्पर्धेत सेगवेवरून चित्रण करणारा कॅमेरामन थेट उसेन बोल्टच्या पायांवर जाऊन आदळला. जगातला सर्वांत वेगवान माणूसही तिच्यापासून पळू शकला नाही, तो आपला भुरटा चोर तिच्यावरून कुठे पळणार? शिवाय घाबरून तो जितका पुढे झुकेल तितकी गाडी वेग घेईल, आणि वेगाची मर्यादा आली की दांडा आपण होऊन मागे येऊन त्याला छातीशी ढकलू लागेल. त्यातून तो सावरलाच, तर पुढे आपल्या वॉर्डातला रस्ता आहे. दर पन्नास पावलांवर खासगी उत्साहातून बांधलेला स्पीडब्रेकर, त्यामागे ड्रेनेजचे झाकण, झाकणाला लागून पेव्हर ब्लॉकचा ढीग, आणि फुटपाथवर मोटारसायकली. महापालिकेने आजवर आपल्या सेगवेच्या रक्षणासाठी जे केले आहे, त्याबद्दल आपण मिळकत कर वेळेवर भरावा.

एका धोक्याची जाणीव मात्र करून द्यायला हवी. आपल्याकडे या गाडीवर लोकांना जो माणूस दिसतो, तो बहुधा गणवेशातला असतो. मॉलमधले रखवालदार तिच्यावरून फिरतात. २०२० साली मुंबई पोलिसांकडेही समुद्रकिनाऱ्यालगतच्या गस्तीसाठी अशाच, स्वतःचा तोल स्वतः राखणाऱ्या स्कूटर आल्या. तेव्हा चोराने निळा शर्ट आणि गळ्यात शिट्टी एवढी गुंतवणूक केली, तर त्याला कुणी अडवणार नाही. उलट लोक बाजूला होतील आणि एखादे आजोबा चुकीच्या जागी लावलेल्या स्कूटरची त्याच्याकडे तक्रारही करतील. आपण स्वतः साध्या कपड्यांत तिच्यावरून निघाल तेव्हा मात्र प्रत्येक जण वळून पाहील. म्हणून खऱ्या मालकानेही गणवेश शिवून घ्यावा.

विक्रीची बाजू थोडक्यात. चोराने ती रविवारी जुन्या बाजारात नेली, तर गिऱ्हाईक आधी विचारणार, "हे चालतं कसं?" आणि नंतर, "मागची सीट कुठाय?" भंगारवाला काही विचारत नाही, तो काट्यावर ठेवतो, रबर वजा करतो आणि बॅटरी दुसरीकडे न्यायला सांगतो.

या सगळ्या विवेचनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहून जाते, ती म्हणजे वायर. सेगवेचा चार्जर गाडीच्या आतच असतो. बाहेरून लावायची ती साधी वायर, डेस्कटॉप कॉम्प्युटरला लागते तशी. म्हणजेच ती कॉम्प्युटरला चालते, मॉनिटरला चालते, सोसायटीच्या ऑफिसातल्या प्रिंटरला चालते आणि बऱ्याच राइस कुकरलाही चालते. सेगवेच्या पूर्ण रचनेत कुणालाही खरोखर हवी असलेली वस्तू ही एवढी एकच आहे, आणि ती जातेच. गाडी तिथेच, चादर तिथेच, भिंतीतला प्लग तिथेच, वायर नाही. शिवाय चार्जिंगविना महिनोन्महिने पडून राहिली, तर बॅटरी कायमची जाते. तेव्हा वायर रोज रात्री उशाशी घेऊन झोपावे, आणि पाहुणे आले असता तिच्याविषयी बोलू नये.

एवढे करूनही मनाला स्वस्थता नसेल, तर शेवटचा आणि खात्रीचा उपाय उरतो: गाडी एकदा चोरीला जाऊ द्यावी आणि रीतसर फिर्याद नोंदवावी. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या ३७९ म्हणत आलो, ते चोरीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०३ झाले आहे, एवढी तयारी करून ठाण्यात गेल्यास बरे. संभाषण साधारण पुढीलप्रमाणे होईल.

"काय गेलंय?"

"सेगवे, साहेब. दोन चाकांची गाडी."

"मग टू-व्हीलर म्हणा ना. नंबर?"

"नंबर नाही तिला."

"आरसी?"

"तीही नाही."

"बरं, पुढचं चाक केवढं?"

"पुढचं-मागचं नसतं. दोन्ही शेजारी-शेजारी."

"म्हणजे हातगाडी."

"नाही साहेब, माणूस वर उभा राहतो."

"आणि ढकलतो कोण?"

"कोणी नाही. आपण फक्त झुकायचं."

हवालदार पेन खाली ठेवतील, आपल्याकडे जरा निरखून पाहतील, आणि मग सावकाश लिहितील: 'विजेवर चालणारी हातगाडी, नग एक, रंग काळा.' त्यावर सही करावी. वाद घालू नये.

गाडी सापडेल, कारण ती पहिल्या स्पीडब्रेकरच्या पलीकडे गेलेली नसते. पंचनामा होईल, कागदाची चिठ्ठी सुतळीने दांड्याला बांधली जाईल, आणि मुद्देमाल म्हणून तिची रवानगी ठाण्यामागच्या आवारात, काच नसलेल्या जीप आणि गंजलेल्या तीनशे मोटारसायकलींच्या सोबतीला होईल. तिथून वस्तू परत मिळवायला न्यायालयात अर्ज आणि सुपुर्दनामा लागतो, त्याला मालकीचा पुरावा लागतो, आणि आपल्याजवळ आहे ती मेहुण्याने २००९ साली पाठवलेली एक ईमेल. शिवाय फिर्यादीत हातगाडी आहे आणि आवारात ती नाही. तेव्हा गाडी तिथेच राहील. चोवीस तास पहारा, उंच भिंत, आणि दारात बंदूकधारी शिपाई. अशी राखण कुठल्याही कंपनीने कधी दिली नसती.

आपण फक्त महिन्यातून एकदा, बॅटरी जिवंत राहावी म्हणून, परवानगी काढून तिला भेटायला जावे. वायर घरून न्यावी. मागच्या खोलीत खिडकीखाली एक प्लग असतो. त्याला बहुधा कुणाचा तरी मोबाइल लावलेला असतो, तो निघेपर्यंत बाकावर बसून राहावे.