मी माह्या मोबाईलातल्या काढल्या

आमच्या घरातली महत्त्वाची कागदपत्रे चाळीस वर्षे एका पत्र्याच्या पेटीत होती, त्या पेटीची किल्ली बाबांच्या बंडीच्या खिशात होती आणि बाबा बहुतेक वेळ ओट्यावर बसलेले असत. त्यामुळे अमुक कागद कुठे आहे हा प्रश्न ओट्याकडे नजर टाकली की सुटत असे. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पेटीच्या गंजलेल्या तळातून वाळवी आत शिरली. माझी दहावीची गुणपत्रिका, बहिणीच्या लग्नातल्या आहेराची यादी आणि सोसायटीच्या जुन्या पावत्या असा संमिश्र आहार घेत ती आजोबांच्या काळच्या वाटणीपत्राच्या कडेपर्यंत पोहोचली, तेव्हा कुठे आम्ही पेटी उघडली. फोटो काढण्यासाठी ते वाटणीपत्र उलगडले तर घडीवर त्याचे चार तुकडे झाले. ते जुळवून मोबाईलने काढलेला फोटो हीच त्याची शेवटची धड प्रत. तुकड्यांचे पुढे काय झाले हे, बाबांची साफसफाईची आवड लक्षात घेता, मी विचारलेले नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सातबारा वाळवीने खाल्ला असता तरी मला काही वाटले नसते, कारण डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमुळे आधार आणि वाहन परवानाही आता पेटीत जपावा लागत नाही. परंतु आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात पंचांसमक्ष झालेले, नोंदणी न केलेले आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून देणारे वाटणीपत्र कोणत्याही सरकारी लॉकरात नसते. ते घरातच असावे लागते, आणि घरात वाळवी असते.

माझा भाचा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. तो दिवाळीत आला, त्याने सगळे कागद क्लाउडवर चढवले आणि माझा मोबाईल, माझा जुना लॅपटॉप व बायकोचा मोबाईल ही तिन्ही यंत्रे एकाच खात्याला जोडली. “मामा, आता एका ठिकाणी बदल केला की सगळीकडे आपोआप होईल,” असे तो म्हणाला. मी हे वाक्य वरदान समजून ऐकले. शिक्षकी पेशात तीस वर्षे काढलेल्या माणसाने ते काळजीपूर्वक ऐकायला हवे होते, कारण त्यात ‘चांगला बदल’ असे कुठेही म्हटलेले नव्हते.

क्लाउड म्हणजे ढग, यावरून जेवढे विनोद करता येतील तेवढे आमच्या गावच्या पानठेल्यावर करून झालेले आहेत, म्हणून ते मी टाळतो. बाबांनी मात्र विनोद केला नाही. फायली नेमक्या कुठे आहेत, एवढेच त्यांनी विचारले. मी सांगितले की हे आभाळ वगैरे काही नसते, मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रांगेने लावलेले असतात. मायक्रोसॉफ्टने असे केंद्र २०१५ साली पुण्यात उघडले, पुढच्या वर्षी ॲमेझॉनने मुंबईत उघडले. बाबांनी त्यातला पुणे हा एकच शब्द उचलला आणि म्हणाले, “मंग पोट्ट्याले सांग, येतानी घेऊन ये म्हणा.”

या व्यवस्थेचे काम कसे चालते तेही भाच्याने मला समजावले होते. लॅपटॉपवर एक ठराविक फोल्डर असतो आणि एक छोटा प्रोग्रॅम त्याच्यावर चोवीस तास पाळत ठेवतो. फाइलीत काही बदलले की तो पाठीमागे तिचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढून जुन्या ठशाशी ताडतो आणि जेवढे तुकडे बदलले तेवढेच वर पाठवतो. वरचा संगणक मग बाकीच्या यंत्रांना वर्दी देतो आणि ती आपापली प्रत सुधारून घेतात. पुण्यात हे सगळे डोळ्याचे पाते लवेपर्यंत होते. आमच्याकडे टावर धड येतो तो फक्त गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली, आणि तोही दुपारच्या उन्हात आळसावलेला असतो. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने एक जीबी वर चढायला सव्वादोन तास लागतात, हे गणित मी कडुनिंबाखाली खाट टाकून स्वतः सोडवले, कारण तिथे दुसरे काही करण्यासारखे नव्हते. बैलजोडी माझ्याकडे पाहत होती. रात्री तीन फेजची पाळी असली की गावातले लोक मोटार सुरू करायला वावरात जातात. मी मोबाईल घेऊन गोठ्यात जाऊ लागलो. याबद्दल शेजाऱ्यांत काही दिवस कुजबुज झाली.

अशा एका नामांकित सेवेचा उगमही प्रवासातल्या विसराळूपणात आहे. ड्रॉपबॉक्स या सेवेचा एक संस्थापक ड्र्यू हाउस्टन हा बोस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये काम करायला बसला आणि पेनड्राइव्ह घरी राहिल्याचे त्याच्या लक्षात आले. त्या वैतागातून ही कल्पना सुचली, २००७ साली कंपनी निघाली आणि २००८ साली सेवा सर्वांसाठी खुली झाली, असे तो सांगत आलेला आहे. हे वाचून मला हळहळ वाटली. आमच्या दारव्हा तालुक्यात शिकायला राहणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबे रोज सकाळी एसटीच्या वाहकाकडे दिले जातात आणि ते बिनचूक पोहोचतात. त्या मार्गावर एसटी असती तर त्याच्या आईने तो पेनड्राइव्ह डब्यासोबत मागच्या गाडीने पाठवला असता, आणि मी कडुनिंबाखाली बसलो नसतो.

पहिला फटका तालुक्याच्या एका कचेरीत बसला. विहिरीच्या हिश्श्याबाबत चुलतभावाने अर्ज केला होता आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने मोबाईल काढून साहेबांसमोर धरला. फोल्डर दिसला, ‘वाटणीपत्र’ हे नाव दिसले, नावावर बोट ठेवले आणि एक गोल चकती फिरू लागली. ती कचेरीची वेळ संपेपर्यंत फिरत होती. मोबाईलची जागा वाचावी म्हणून तिथे फायलींची फक्त नावे ठेवलेली असतात, फाइल मागितली की ती तेवढ्यापुरती खाली उतरते आणि त्यासाठी टावर लागतो, हे भाच्याने सांगितले होते. पण पंगतीला पत्रावळीवर पदार्थांची नुसती नावे वाढलेली पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा पाजला आणि पुढची तारीख दिली.

कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी एक प्रकार झाला. मजुरांनी किती किलो वेचला त्याचा हिशोब मी घरी लॅपटॉपवर लिहीत होतो आणि तोच हिशोब बायको वावरात मोबाईलवर लिहीत होती. वावरात टावर नसल्यामुळे दिवसभर दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. संध्याकाळी ती कडुनिंबाखाली आली तेव्हा एकाच फाइलीच्या दोन प्रती झाल्या, आणि त्यांतल्या माझ्या प्रतीच्या नावापुढे ‘परस्परविरोधी प्रत’ असा शेरा उमटला. यंत्राच्या या शहाणपणाचे मला खरोखर कौतुक वाटले. आमच्या भाऊबंदकीत दोन प्रती निघाल्या की एक फाडली जाते आणि दुसरी कोर्टात जाते. यंत्र मात्र कोण खरे हे ठरवण्याच्या फंदात न पडता दोन्ही समोर ठेवून बाजूला होते. निवाडा आम्हीच केला. “काट्यापाशी कोण उभं होतं?” एवढे विचारून बायको चहा ठेवायला निघून गेली. ‘परस्परविरोधी’ हा शेरा माझ्याच प्रतीला लागला होता, हे मी तिला सांगितले नाही.

आता मुख्य घटना. नवीन मोबाईल घेतल्यावर मी माझा जुना मोबाईल बाबांना दिला, आणि तो माझ्याच खात्याला जोडलेला आहे ही गोष्ट विसरलो. बाबांच्या मोबाईलवर रोज सकाळी सूर्योदय, गुलाबाची फुले आणि सुविचार असलेली तीस-चाळीस चित्रे येऊन पडत. ती सगळी आपसूक माझ्या खात्यात चढत असल्यामुळे फुकट मिळालेली जागा भरत गेली. एके दिवशी बाबांच्या पडद्यावर सूचना आली की जागा संपत आली आहे. पहाटे साडेचारला उठून अंगणासोबत समोरचा सरकारी रस्ताही झाडणारा माणूस अशी सूचना वाचून स्वस्थ बसत नाही. त्यांनी चष्मा लावला, एकेक फोल्डर उघडला आणि सुविचार ठेवून बाकी सगळे काढून टाकले.

तीन दिवसांनी माझ्या मोबाईलवर तो फोल्डर रिकामा दिसला. बायकोच्या मोबाईलवरही रिकामाच. मी ओट्यावर गेलो.

“बाबा, मोबाईलातलं काही काढलं का तुम्ही?”

“काढलं. जागा नव्हती म्हणे.”

“अहो, त्या माझ्या फायली होत्या!”

“तुह्या फायली तुह्या मोबाईलात हायेत ना? मी माह्या मोबाईलातल्या काढल्या.”

या युक्तिवादात मला आजतागायत एकही भोक सापडलेले नाही. माझ्या घरातले भांडे मी विकले तर शेजाऱ्याच्या घरातले तेच भांडे नाहीसे होत नाही, या पायावर जगाचा सगळा व्यवहार उभा आहे. नेमका तोच पाया या तंत्रात काढून घेतलेला आहे. त्याच्या लेखी पुसणे हाही एक बदलच असतो आणि बदल सगळीकडे पोहोचवणे हे त्याचे कर्तव्य असते. टावर एवढा रडका, तरी ते कर्तव्य त्याने तीन दिवसांत तिन्ही दिशांना पार पाडले होते. दोन केबीच्या फाइलीला मात्र या गावात चढायला अर्धी दुपार लागते.

तरीही मला आशा होती, कारण पुसलेल्या फायली या सेवेत ३० दिवस कचरापेटीत राहतात. मी कचरापेटी उघडली. तीही स्वच्छ होती.

“कचरापेटी भरली होती,” बाबा म्हणाले. “रिकामी केली. घरात कचरा साठवते का कोणी?”

मी भाच्याला फोन लावला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, “मामा, जुना लॅपटॉप शेवटचा कधी सुरू केला होता?” लॅपटॉप उन्हाळ्यापासून बंद होता. पंचेचाळीस अंशांत त्याचा पंखा कूलरच्या वर आवाज करू लागला होता आणि बॅटरी तर केव्हाचीच मेलेली होती, म्हणून तो कोठीत तुरीच्या डाळीच्या कोठ्यावर पडून होता. “हात लावू नका,” भाचा म्हणाला. त्या लॅपटॉपवर नुसती नावे नव्हती, सगळ्या फायली पूर्ण उतरवून ठेवल्या होत्या, आणि बाबांनी केलेल्या साफसफाईची बातमी त्याला अजून कळलेली नव्हती. मात्र इंटरनेट मिळाल्याबरोबर तो ती बातमी ऐकणार आणि आज्ञाधारकपणे आपल्याही फायली पुसणार. म्हणून इंटरनेट नसताना तो सुरू करायचा, फायली पेनड्राइव्हवर उतरवायच्या आणि मग जे व्हायचे ते होऊ द्यायचे. पोळा चार दिवसांवर आला होता आणि भाचा येणारच होता. तो येईपर्यंत कोठीला कुलूप लावून किल्ली बायकोने ठेवली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्याची ट्रॅव्हल्स यवतमाळला पोहोचली. पुढची एसटी मिळायला त्याला उशीर होईल असे वाटून मीच तयारीला लागलो. घरातले तिन्ही मोबाईल बंद करून ओट्यावर बाबांच्या ताब्यात दिले, लॅपटॉपची वायर जोडली आणि बटण दाबले. तो लॅपटॉप सुरू व्हायला आठ मिनिटे घेतो. सहाव्या मिनिटाला पडदा उजळला, सातव्या मिनिटाला तो फोल्डर दिसला, फोल्डरात ‘वाटणीपत्र’ दिसले, आणि मी पेनड्राइव्ह लावणार एवढ्यात दारातून आवाज आला, “मामा, आलो बरं का!”

भाचा रात्रभर बसमध्ये काम करत आला होता. त्याच्या खिशातल्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू होता, आणि गेल्या दिवाळीत या लॅपटॉपने तो ओळखून ठेवला होता. वर्षभराने मामाचे घर विसरणारे भाचे मी पाहिले आहेत, पण भाच्याचा हॉटस्पॉट विसरणारा लॅपटॉप अजून जन्माला यायचा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात इंटरनेटची खूण उमटली आणि फोल्डरावरचे दोन बाण एकमेकांचा पाठलाग करू लागले. भाचा खिसा चाचपत होता, मी कुठले बटण दाबावे ते शोधत होतो. बायकोने भिंतीतली वायर उपटली.

बॅटरी मेलेली असल्यामुळे लॅपटॉप त्या क्षणी विझला. ती बॅटरी बदलावी म्हणून मी दोन वर्षे मागे लागलो होतो आणि बायको दोन वर्षे तो खर्च टाळत होती. त्यावर त्या दिवशी ती काहीही बोलली नाही, आणि ते मला जास्त लागले.

भाच्याचा मोबाईल बंद करून गोठ्यात ठेवला. पुन्हा आठ मिनिटे. एक सोडून सगळ्या फायली शाबूत होत्या, आणि जी एक पुसली गेली ती कापसाच्या हिशोबाची माझी परस्परविरोधी प्रत होती.

फायली पेनड्राइव्हवर उतरल्यावर भाच्याने वाटणीपत्र मोठे करून बाबांना दाखवले. घडीवर फाटल्यामुळे चतुःसीमेची एक ओळ फोटोत उमटलेलीच नव्हती. बाबांनी पडद्याकडे न पाहता ती म्हटली: पांदणीपासून बाभळीपर्यंत, बाभळीपासून विहिरीच्या धारेपर्यंत. मग पाण्याच्या पाळ्याही म्हणून दाखवल्या, अमावास्येच्या पाळीसकट. “मले पाठ हाये,” ते म्हणाले. “तुम्ही कोणी विचारलं नाही.”

पेनड्राइव्ह त्यांनी हातरुमालात बांधला, पेटीला नवा तळ बसवून घेतला होता तिच्यात डांबराच्या गोळीशेजारी ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. संध्याकाळी भाचा किल्ली मागायला गेला, कारण त्याला दुसरी प्रत काढून ठेवायची होती. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले.

“काऊन?” त्यांनी विचारले. “पहिलीले काय झालं?”