बोटासाठी अख्खा माणूस झोपवावा लागत नाही

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'शुगरवाल्याचं पायाचं बोट काढायला पूर्ण भूल देतात, त्यातून पेशंट उठत नाही. पाठीतल्या इंजेक्शनने कंबर जन्माची धरते. पायाला तसंही कळत नसतं, भुलीशिवाय करा म्हणावं.' हे वाचून तळमजल्यावरच्या काकांनी काळं पडलेलं बोट तसंच ठेवून ऑपरेशन पुढे ढकललं. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून लिहितेय.

एका बोटासाठी पूर्ण भूल बहुतेकदा लागतच नाही. पावलाची संवेदना पाच नसा वाहून नेतात. घोट्याभोवती त्या बधिर केल्या की पाऊल गप्प. पेशंट जागा असतो, हृदयावर आणि श्वासावर फारसा ताण येत नाही. हृदय-किडनी कमजोर असलेल्यांसाठी मी आधी याच वाटेचा विचार करते. मग बोटाच्याच मुळाशी सुई का नको? पू झालेली जागा आम्लधर्मी होते, तिथे औषध नसेत नीट शिरत नाही. म्हणून सुई निरोगी जागेत, घोट्याशी. सूज तिथवर चढली असेल तर गुडघ्यामागे. ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध दिलं तर बधिरपणा कित्येक तास टिकतो, पहिली रात्र जरा बरी जाते.

आणि 'उठत नाही' म्हणाल, तर बोटातला संसर्ग रक्तात पसरणं हा मोठा धोका, आणि तो थांबण्याने वाढतो.

कंबर? कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीत सुई देतात, तेव्हा टोचल्या जागी चार दिवस दुखतं, एखाद्याचं डोकं धरतं. जन्माची कंबरदुखी त्या सुईच्या माथी मारू नका. खरी अडचण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर 5 ते 7 दिवस बंद ठेवल्याशिवाय मी पाठीत सुई घालत नाही, आणि ती बंद करायची का हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

'पायाला कळत नाही' हे अर्धंच खरं. मधुमेहात बधिरपणा ठिगळाठिगळाने येतो. टाचणी न कळणारा माणूस हाडाला हात लागला की किंचाळतो. क्वचित पाय खरंच इतका बधिर असतो की थोडक्या औषधात भागतं. पण ते पाय तपासून कळतं, फॉरवर्ड वाचून नाही.

काकांना गुरुवारची तारीख मिळालीय. गोळ्यांची पाकिटं सगळी आणा म्हटलंय, 'ती पांढरी छोटी गोळी' असं सांगू नका. शुगरची डापाग्लिफ्लोझिन त्यात निघाली, ती ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवावी लागते, म्हणून आजपासूनच बंद करायला सांगितलीय.