‘जनरेटर कंपनीनेच बसवला आहे’ हे रात्रभर चालवण्याचे कारण होऊ शकत नाही

मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे: गाडीतला जनरेटर कंपनीनेच बसवलेला असतो आणि त्याचा धूर बाहेर जातो, तेव्हा एखादी खिडकी किंचित उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा (धुरातल्या विषारी वायूचा) अलार्म लावा आणि एसी चालू ठेवून खुशाल झोपा, जनरेटर डिझेलवर चालणारा असेल, तर तेवढीही काळजी नको. यातले प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते एकेक करून तपासले पाहिजे.

कंपनीने जनरेटरचा कप्पा राहण्याच्या जागेपासून बंदिस्त केलेला असतो आणि सायलेन्सरचे तोंड गाडीच्या कडेबाहेर काढलेले असते, हे खरे; पण ती गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसाची स्थिती झाली. धूर बाहेर नेणारी नळी गाडीच्या पोटाखाली लोंबत असल्याने खडबडीत रस्त्यावर तिला ठोकर बसते, क्लॅम्प सैल होतो, गॅस्केट फुटते, गंज चढतो. शिवाय पुढे कोणीतरी वायर किंवा पाण्याचा पाइप नेण्यासाठी तळाला भोक पाडतो आणि ते बुजवायचे राहून जाते. जनरेटर थंड असताना टॉर्च घेऊन खाली वाकून पाहावे: सांध्याभोवती काजळीचे काळे ओघळ दिसले, तर तिथून वायू गळतो आहे असे समजावे आणि दुरुस्ती होईपर्यंत जनरेटर सुरू करू नये.

धूर बाहेर जातो, पण बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न उरतोच. शेजारी भिंत, दुसरी गाडी, उंच गवत किंवा बर्फाचा ढीग असेल, तर तो तिथेच अडून गाडीखाली साचतो. गवत वाळलेले असेल, तर तापलेल्या नळीने आग लागण्याची भीती वेगळीच.

सर्वांत फसवा भाग खिडकीचा आहे. वारा गाडीवर आदळून पलीकडे जातो, तेव्हा आडोशाच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि धूर तिथे घोटाळत राहतो. उघडी खिडकी नेमकी त्या बाजूला असली, तर तिने ताजी हवा नव्हे, धूरच आत येतो. छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू असेल, तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा भरायला तळाच्या फटींतून, खिडकीतून मिळेल ती हवा आत ओढली जाते. झोपताना वाऱ्याची दिशा पाहून खिडकी निवडली, तरी मध्यरात्री वारा फिरला हे झोपलेल्या माणसाला कळणार कसे?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे जागा असलेला माणूससुद्धा प्रवासाच्या थकव्यावर ढकलतो. झोपलेल्याला तर ती जाणवतही नाहीत.

अलार्म हवाच, पण तो शेवटचा बचाव आहे, परवाना नव्हे. अमेरिकेतील यूएल 2034 या मानकानुसार दशलक्ष भागांत 70 भाग एवढ्या पातळीला अलार्म 60 ते 240 मिनिटांत आणि 400 भागांना 4 ते 15 मिनिटांत वाजणे अपेक्षित आहे. म्हणजे कमी पातळीचा वायू बराच वेळ श्वासात गेल्यावरच तो बोलेल. आतल्या सेन्सरला मुदत असते, ती उपकरणावर छापलेली असते; चाचणीचे बटण दाबल्यावर येणारा आवाज बहुधा भोंगा आणि सर्किट ठीक असल्याचेच सांगतो, सेन्सरची ग्वाही देत नाही.

डिझेलच्या धुरात हा वायू पेट्रोलच्या मानाने कमी असतो, शून्य नसतो. बंद जागेत ‘कमी’ला फारसा अर्थ उरत नाही.

उकाड्यात एसीविना झोप लागत नाही, ही अडचण मात्र खोटी नाही. त्यावर व्यवहार्य तोड अशी, की सर्वजण जागे असताना जनरेटर चालवून गाडी थंड करावी, बॅटऱ्या भरून घ्याव्यात आणि झोपण्यापूर्वी तो बंद करून रात्र बॅटरीवरच्या पंख्यावर काढावी; बाहेरून वीजजोडणी मिळत असेल, तर उत्तमच. अलार्म वाजलाच, तर तो खोटा ठरवत बसू नये: आधी सर्वांनी बाहेर पडावे, मग शक्य असल्यास बाहेरूनच जनरेटर बंद करावा आणि कोणाचेही डोके दुखत असेल, तर त्याला रुग्णालयात न्यावे. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर तेव्हा विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनयुक्तच भासते आणि आकडा नेहमीसारखा दिसतो.